पद्मजाबाईंनी मौनाने जिंकलेल्या खंडेरावाची हकीकत

॥ श्रीजिवती प्रसन्न ॥

शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सरी, चंडीगड मुक्कामी, सेक्टर तीस येथील सरकारी यंत्रशाळेच्या वसाहतीत जी थोर मोहीम जाहली, तिचा करीना येथे जैसा घडला तैसा लिहिला आहे. लिहिण्याचे प्रयोजन इतुकेच की, पुढे लोक म्हणतील, कुत्रे पाळले त्यात ते काय मोठे, गल्लोगल्ली पाळतात. ज्यांनी भ्यालेले कुत्रे खाटेखालून बाहेर काढिले नाही, त्यांनी ऐसे खुशाल म्हणावे. ज्यांनी काढिले आहे ते जाणतात की, त्यापेक्षा गड घेणे सोपे, कारण गडास दरवाजा तरी असतो आणि किल्लेदार तहाची बोलणी तरी करतो.

तर राजश्री रघुवीरपंत दामले, मूळ वतन मिरज, हे सदरहू यंत्रशाळेत शास्त्रज्ञ या हुद्द्यावर नामजाद होते. कचेरीत केसाच्या जाडीचे शंभर भाग करून मोजीत आणि घरी येऊन साखरेचा डबा कोणता म्हणून पुसत, ऐसी त्यांची ख्याती. त्यांचे कुटुंब सौभाग्यवती पद्मजाबाईसाहेब, ज्यांची ही हकीकत, त्या मूळच्या बोलक्या. मिरजेस असता भाजी आणावयास निघाल्या म्हणजे वाटेत अकरा दारी उभ्या राहून अकरा घरांच्या खबरा घेत आणि बाराव्या दारी त्या पोहोचवीत, आणि मग भाजी तैसीच राहून आमटीवर भागे, परंतु कोणी तक्रार करीत नसे. पुढे बदलीचा हुकूम आला आणि तो मुलूख सुटला. चंडीगडास रस्ते रुंद, घरे एका मापाची, आणि मराठी माणूस पाहावा तर चार चौक ओलांडून जावे तेव्हा एखादे घर लागे. शेजारची मंडळी मायाळू, लोण्याची वाटी पाठवीत, हिवाळ्यात सरसोंचे साग पाठवीत, परंतु त्यांशी बोलावयास हिंदी लागे, आणि बाईंची हिंदी चार वाक्ये चालून दमत असे. पंत सायंकाळी येत, ते अर्धे यंत्रशाळेतच राहिलेले असत. कन्या वसुधा, वय वर्षे दहा, हिला आईचे मराठी सारे समजे आणि उत्तर द्यावयाचे ते ती हिंदीत देई. बाईंनी मिरजेची एखादी गोष्ट रंगात येऊन सांगावी आणि कन्येने "अच्छा मम्मी, फिर?" म्हणावे, की बाईंचा सारा रंग उतरे. मग बाई तुळशीशी बोलत, कुकरशी बोलत, पंख्यास चार शब्द सुनावीत. गोष्ट हसण्याजोगी खरी, पण बाईंस त्याचे मनापासून दुःख होते आणि ते त्यांनी कोणापाशी काढिले नव्हते.

ऐशात आषाढ लागण्यापूर्वी मिरजेहून सासूबाईंचे पत्र आले की, यंदा चातुर्मासाचा काही नेम धरावा. बाईंनी उत्साहाच्या भरात उलट टपाली लिहून धाडिले की, दुपारचे जेवण मौनाने जेवीन. पानावर बसल्यापासून हात धुईपर्यंत एक अक्षर नाही, आणि शब्द निसटला तर भरल्या पानावरून उठावे व त्या दिवशी पुन्हा अन्न घेऊ नये, ऐसा कडक नेम. पत्र पेटीत पडल्यावर पंचांग उघडिले, तो त्या साली अधिक भाद्रपद निघाला आणि चार मासांचा चातुर्मास पाच मासांचा जाहला. पंतांनी हे वर्तमान ऐकून वर्तमानपत्र तोंडासमोर धरिले, आणि ते वर्तमानपत्र बराच वेळ हलत होते.

आता कुत्र्याचे प्रकरण. इंडस्ट्रियल एरियात एका सरदारजींचा लेथ मशीनचा कारखाना होता. त्यांच्या पत्नी हरभजन कौर, आवाज ऐसा की चालू यंत्रांच्या वरून पलीकडल्या गल्लीत ऐकू जावा. त्यांची कन्या आणि वसुधा एका वर्गात. या सरदारीणबाईंनी कारखान्यामागल्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकलेली, मारलेली कुत्री आणून राखिली होती आणि घर पारखून एकेकास देत. श्रावणी पौर्णिमेच्या सुमारास पद्मजाबाई कन्येस आणावयास तेथे गेल्या, तो दहाबारा कुत्री शेपट्या हलवीत अंगावर धावून आली आणि एक मात्र तेलाच्या पिंपामागे भिंतीकडे तोंड करून बसले होते. तांबूस वर्ण, डावा कान मोडलेला, गळ्याभोवती केस झडून तारेचा वळ उमटलेला. बंद पडलेल्या गोदामात कोणी त्यास तारेने बांधून निघून गेले होते, तेथून सोडवून आणिलेले. त्याउपरी दोन घरी देऊन पाहिले, तो दोन्ही घरांनी आठवड्यात परत धाडिले, कारण की कुत्रे घरात आहे की नाही हेच कळत नाही. बाईंनी त्याची ती पाठमोरी मूर्ती पाहिली. मनात आले की, या शहरात माझ्यासारखेच यासही बोलावयास कोणी नाही, आणि हा निदान मला हिंदीत उत्तर देणार नाही. तेथल्या तेथे मागणी घातली.

हरभजन कौर यांनी एकच कलम सांगितले, परंतु पक्के. येत्या रविवारी कुत्रे न्यावे, आठ दिवस ठेवावे. तोवर त्याने दिवसाउजेडी माणसाच्या समोर एक घास खाल्ला, तर कुत्रे दामल्यांचे. न खाल्ला तर आपण येऊन परत नेऊ आणि मग कोणासही देणार नाही, कारण जीवाला घरोघर घाबरवीत हिंडविणे हे पाप, त्यापेक्षा ते जन्मभर पिंपामागे बसेल तर बसो. बाईंनी हे कलम मान्य केले आणि वसुधेच्या डोक्यावर हात ठेवून पुन्हा मान्य केले.

श्रावण वद्य प्रतिपदा, रविवारी कारखान्याच्या टेम्पोतून स्वारी आली. वसुधेने त्याचे नाव टायगर ठेवावे म्हणून अर्ज केला, तो बाईंनी नामंजूर केला आणि मिरजेच्या घरचे कुलदैवत खंडोबा, त्याच्यापाशी कुत्रे असते, सबब याचे नाव खंडेराव, ऐसे फर्माविले. खंडेरावांनी टेम्पोतून उतरताच कोणाकडे न पाहता बैठकीच्या खोलीत प्रवेश केला, भिंतीकडेची खाट पाहिली, खाटेखाली रजयांच्या दोन लोखंडी ट्रंका होत्या त्यांमागे शिरले, आणि तेथे कायमचा मुक्काम केला. कोट ऐसा की पुढे ट्रंकांचा तट, वर खाट, मागे भिंत, आणि आत जावयास वाट एक वीत. बाहेरून दिसावयाचे ते दोन डोळे.

पहिला हल्ला खुद्द पद्मजाबाईंनी चढविला आणि तो वाणीचा होता. खाटेपुढे मांडी घालून त्यांनी खंडेरावास आपले माहेर सांगितले, सासर सांगितले, मिरजेचे हवापाणी सांगितले, या घरात कोणी मारणार नाही हे सांगितले, दूधपोळीची लालूच दाखविली, आणि दीड घटका ऐसा मारा जाहला की मिरजेस असते तर साऱ्या आळीने खाणे सोडून ऐकत बसावे. खंडेराव तसूतसूने मागे सरकत गेले आणि शेवटी डोळेही दिसेनासे जाहले. बाईंचा आवाज थांबला तेव्हा आतून एक मोठा सुस्कारा आला. बाईंच्या तो मनास लागला.

दुसरा मोर्चा रघुवीरपंतांनी लाविला. पंतांचे मत की प्रश्न मापाचा आहे. त्यांनी कचेरीतून आलेखाचा कागद आणिला, खाटेपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत मोझेकच्या फरश्या मोजिल्या त्या सात भरल्या, आणि खंडेराव कोणत्या प्रहरी किती फरश्या पुढे येतात याच्या नोंदी दर तासाला ठेविल्या. रेघ शून्यावरून निघाली आणि शून्यावरच आडवी चालली. पंतांनी तो कागद भिंतीस लाविला आणि समाधानाने म्हणाले की, निदान चूक कोठे नाही.

तिसरी कुमक चंडीमंदिराहून आली. बाईंचे मावसभाऊ मेजर श्रीराम तेथील छावणीत होते, ते जीपमधून येऊन उतरले, बूट वाजवीत खोलीत आले, पलटणीच्या कुत्र्यांस देतात तैसा हुकूम इंग्रजीत मोठ्याने दिला, आणि शिटी मारिली. ट्रंकांच्या मागे ऐसी खडखड जाहली की खंडेराव भिंतीत शिरतात की काय. मेजरांनी तीन वेळा हुकूम देऊन पाहिला, मग चहा आणि चकल्या घेतल्या, आणि जाताना शेरा दिला की, हा जवान शिपाईगिरीस नालायक आहे. वसुधा तोंड फिरवून उभी होती. मामांची जीप वळल्यावर ती हळूच म्हणाली, "मम्मी, वो नालायक नहीं है. वो डरता है." बाईंनी तिला जवळ घेतले. त्या दिवसापासून घरात मोठ्याने बोलावयास मनाई जाहली.

खाण्याचे म्हणाल तर निजण्यापूर्वी खाटेशी वाटी ठेवावी आणि सकाळी ती रिकामी असावी, इतकेच. परंतु तहाचे कलम दिवसाउजेडाचे होते. सोमवार श्रावणी, दिवसाचा उपास, सबब बाईंकडून दुपारची मोहीम तहकूब. मंगळवारी पंत कचेरीत, कन्या शाळेत, घरात बाई आणि कोटात खंडेराव. बाईंनी पान वाढून घेतले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट मांडिला आणि नेमाप्रमाणे मौन धरून वरणभात कालविला. तिसऱ्या घासास नजर सहज गेली, तो ट्रंकेच्या कडेने काळे ओले नाक बाहेर आले होते. बाईंस ऐसा हर्ष जाहला की तोंडातून निघून गेले, "अगबाई, आलास का रे!"

त्याच क्षणी दोन अनर्थ जाहले. नाक आत गेले ते दिवसभर दिसले नाही, आणि नेम मोडला म्हणून बाईंस भरल्या पानावरून उठावे लागले. त्या दिवशी पद्मजाबाई पाणी पिऊन राहिल्या आणि खाटेवर बसून विचार करू लागल्या. विचार करिता करिता त्यांस उमगले ते ऐसे की, आपण बोललो तेव्हा हा आत गेला, पंतांनी मोजिले तेव्हा आत गेला, श्रीरामाने हुकूम दिला तेव्हा आत गेला, आणि ज्या एका वेळी कोणी त्याच्याकडे पाहिले नाही, बोलले नाही, त्याच्यापाशी काही मागितले नाही, त्या एका वेळी तो आपणहून आला. सासूबाईंसाठी धरिलेला नेम हेच या मोहिमेचे एकुलते हत्यार होते, आणि बाईंस दुसरे कोणतेही हत्यार याहून बरे चालविता आले असते. बुधवारी बाईंनी दगडासारखे बसून जेवण केले, खंडेराव बाहेर आले नाहीत. गुरुवारी नाक आले, मग मोडका कान आला, मग दोन पुढले पाय दुसऱ्या फरशीवर आले, आणि बाई समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचीत राहिल्या. रात्री बाईंनी सांगून ठिपका देवविला आणि पंतांनी रेघ वर गेलेली पाहून चष्मा पुसला.

शुक्रवार उगवला. श्रावण वद्य षष्ठी. शेजारणीच्या हिशेबी भादों, म्हणजे उत्तरेकडला भाद्रपद, पौर्णिमेपाठोपाठच लागून गेला होता, परंतु बाईंच्या घरी अजून श्रावण होता आणि श्रावणातला शुक्रवार म्हणजे जिवतीचा. मिरजेहून टपालाने आलेला जिवतीचा कागद भिंतीवर होता, बाईंनी सोवळ्याने पुरण घातले, कटाची आमटी केली, नैवेद्य दाखविला. आता या दिवशी सवाष्ण जेवू घालावयाची असते, आणि सवाष्ण आणावी कोठून. बाईंनी चार दिवसांपूर्वी दोन मराठी घरी निरोप धाडिले, एक गावी गेलेली, दुसरीच्या घरी पाहुणे. तेव्हा बाईंनी सवाष्णीचे पान तैसेच वाढिले, त्यावर सुपारी ठेविली, जिवतीस हात जोडून म्हटले की, मुलुख परका आहे, गोड मानून घे. मग आपल्या पानावर बसल्या आणि मौन धरिले.

पुरणपोळीचा वास खोलीभर जाहला होता. पहिल्या घासास नाक आले. दुसऱ्यास कान आला. मग सबंध खंडेराव पोट जमिनीस लावून कोटाबाहेर निघाले आणि एकेक फरशी थांबत, थरथरत, पुन्हा पुढे सरत, चौथ्या फरशीवर येऊन ठेपले. बाई जिवतीच्या कागदाकडे पाहत होत्या. इतक्यात फाटकाबाहेर टेम्पो थांबला आणि हरभजन कौर यांचा आवाज अंगणात शिरला.

रविवारी त्यांच्या नात्यात लग्न निघाले होते, सबब त्या शुक्रवारीच तपासणीस आल्या होत्या. जाळीचा दरवाजा उघडून त्या मोठ्याने पुसू लागल्या की भैणजी, कुत्ता कित्थे है, कुछ खाया कि नहीं, नहीं तो मैं आज ही ले जाऊँ. खंडेराव जागच्या जागी गोठले. मान कोटाकडे वळली. बाईंच्या जिभेच्या टोकावर शब्द येऊन उभे राहिले. बोलावे तर कुत्रे जाते आणि नेमही जातो, न बोलावे तर सरदारीण आत येऊन कुत्रे उचलते. मिरजेस असता ज्या बाईंनी एका श्वासात तीन घरांची भांडणे मिटविली, त्या बाईंनी त्या समयी ओठ मिटून घास गिळिला, डावा हात उचलून पंजा दाखविला, मग तोच हात त्या वाढलेल्या दुसऱ्या पानाकडे नेला आणि डोळ्यांनी विनंती केली. ऐसी विनंती बाईंनी आयुष्यात कोणास केली नव्हती.

हरभजन कौर जाळीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी बाईंचा हात पाहिला, मग चौथ्या फरशीवरचे कुत्रे पाहिले. दोन घरांनी परत धाडिलेले, पिंपामागून कधी न निघालेले ते कुत्रे उघड्या जमिनीवर दिवसाढवळ्या आले आहे, हे पाहून त्यांचे तोंड आपोआप मिटले. त्यांनी चपला काढिल्या, ओढणी डोक्यावर घेतली, आणि गुरुद्वाऱ्यात लंगरास बसतात तैशा मांडी घालून पानावर बसल्या. पंगतीत कैसे बसावे हे त्यांस शिकवावे लागले नाही. सुपारी हळूच बाजूस ठेविली आणि पोळीचा तुकडा मोडिला. दोन मुलखांच्या दोन सर्वांत बोलक्या बायका समोरासमोर जेवीत होत्या आणि खोलीत पंख्याखेरीज कशाचा आवाज नव्हता.

मग खंडेरावांनी मान पुन्हा इकडे वळविली. पाचवी फरशी. सहावी. बाईंनी पोळीचा तुकडा तुपात बुडवून पानाच्या डाव्या अंगास जमिनीवर ठेविला आणि दृष्टी जिवतीच्या कागदावर नेऊन खिळविली. सातव्या फरशीवर नखांचा बारीक आवाज जाहला. हाताशी उष्ण श्वास लागला. तुकडा नाहीसा जाहला. बाईंनी दुसरा ठेविला, तोही गेला, आणि तिसरा खाऊन होताच खंडेरावांनी हनुवटी पाटाच्या कडेवर टेकिली आणि तेथेच ठेविली. हरभजन कौर यांच्या डोळ्यांतले पाणी आमटीत पडत होते आणि त्या तैसीच आमटी पीत होत्या.

जेवण आटोपले, बाईंनी वाटीत हात धुतले. नेम पुरा जाहला, आता बोलावयास मोकळीक होती, आणि पाच दिवसांचे बोलणे बाईंच्या पोटात साचले होते. परंतु हनुवटी अजून पाटावर होती. पद्मजाबाई बोलल्या नाहीत. खंडेराव आपणहून उठून, अंग झाडून, सावकाश कोटात परत जाईपर्यंत पाव घटका त्या तैशाच बसून राहिल्या. ज्यांनी बाईंस मिरजेत पाहिले आहे त्यांनीच या शौर्याचे मोल करावे. मग सरदारीणबाईंनी कानाशी येऊन, जन्मात प्रथमच कुजबुजून, सनद दिली, "भैणजी, ये अब इसी घर का है." बाईंनी त्यांस हळदकुंकू लाविले, ओटी भरिली, दूध आणि फुटाणे दिले, आणि जिवतीकडे पाहून मनात म्हटले की, सवाष्ण तूच धाडिलीस.

येणेप्रमाणे कुत्रे घरचे जाहले. परंतु बाईंच्या मनातली मूळ गोष्ट अजून जाहली नव्हती, आणि ती बखरकाराने लपविणे बरे नव्हे. बाईंस ऐकणारा हवा होता, आणि खंडेराव ऐकत नसत. दुपारी मौनाच्या पंगतीस ते रोज येत, पुढे पंतांच्या पायाशीही बसू लागले, वसुधेच्या हातून पोळी घेऊ लागले, परंतु बाईंनी तोंड उघडून एक वाक्य नेहमीच्या आवाजात उच्चारिले की पुन्हा ट्रंकेमागे. मग बाई कुजबुजून बोलू लागल्या. ये. बस. खा. शहाणा आहेस. एवढेच शब्द, दिवसाकाठी दहाबारा. खंडेरावास तेवढेच कळू लागले, आणि कोणी "आओ" म्हटले तर ते मान वर करीत नसत. वसुधेस त्याला बोलवावयाचे जाहले की नाइलाजाने "ये" म्हणावे लागे, आणि तो येई, तेव्हा तिचे तिलाच नवल वाटे. अधिक भाद्रपद गेला, निज भाद्रपदात गणपती बसले आणि उठले, दसरा जाहला, दिवाळीच्या फटाक्यांत खंडेरावांनी चार दिवस कोट सोडिला नाही. बाई रोज मौनाने जेवीत आणि मनात धास्ती बाळगीत की, नेम संपेल, मी बोलू लागेन, आणि हा माझ्या पानाशी यावयाचा बंद होईल. कधी वाटे, नेम जन्माचाच करावा.

कार्तिकी एकादशी आली. त्यापूर्वीच्या रविवारी मौनाच्या उद्यापनास घंटा द्यावयाची म्हणून मेजर श्रीरामांच्या जीपमधून सारी मंडळी गावाबाहेरल्या देवीच्या देवळी जाऊन पितळी घंटा अर्पण करून आली. वसुधेने हट्ट करून एक छोटे घुंगरू विकत घेतले आणि खंडेरावांच्या गळ्यातल्या वळावर मऊ पट्टा बांधून त्यास लाविले. मग द्वादशीची दुपार उजाडली. थंडी पडली होती, अंगणातून ऊन पार उंबऱ्यापर्यंत आले होते. बाईंनी पारण्याचे पान वाढून घेतले आणि उन्हात पाट मांडिला. घुंगरू वाजले. खंडेराव सातव्या फरशीवर येऊन बसले.

बाईंच्या हातातला घास हातात राहिला. आज बोलावयास मुभा होती. पाच मास त्यांनी या क्षणाची वाट पाहिली होती आणि आता भीती वाटत होती. शेवटी बाईंनी घसा खाकरला आणि आपल्या मिरजेच्या, जन्मजात, उघड्या आवाजात म्हणाल्या, "खंडू, आज भात जरा गिच्च झालाय. चालेल ना रे?"

खंडेराव ताडकन उठले. बाईंनी डोळे मिटिले. घुंगरू वाजत गेले, ते कोटाकडे गेले नाही. पाटाला वळसा घालून ते बाईंच्या मागल्या अंगास गेले, आणि मग बाईंच्या कमरेस एक उष्ण पाठ येऊन टेकली आणि सबंध वजन टाकून बसली. बाईंनी वळून पाहिले, तो मोडका कान उभा राहावयाची शिकस्त करीत होता.

मग काय विचारता. पद्मजाबाईंनी भात सांगितला, तांदूळ सांगितला, मिरजेचा तांदूळ आणि येथला तांदूळ यांतला फरक सांगितला, सासूबाईंचे पत्र सांगितले, पाच मासांत मनात जे जे साचले ते सारे क्रमवार सांगितले, हात पानावर वाळून गेला, ऊन उंबरा सोडून भिंतीवर चढले, आणि खंडेराव ऐकता ऐकता निजले तरी पाठ हलविली नाही. चार वाजता वसुधा शाळेतून आली. दप्तर टाकून दारातच उभी राहिली, आईकडे पाहिले, आईच्या पाठीशी टेकलेल्या खंडेरावाकडे पाहिले, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून, जी बोली त्यास कळते तीच बोली धरून, हलक्या आवाजात म्हणाली, "आई, हळू बोल ना. आणि मला पण सांग, पहिल्यापासून."

 पद्मजाबाईंनी सरकून पाटावर जागा करून दिली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

शके अठराशे शहाण्णव, कार्तिक शुद्ध द्वादशी, सेक्टर तीस मुक्कामी ही फत्ते जाहली. सायंकाळी रघुवीरपंतांनी भिंतीवरच्या आलेखावर शेवटचा ठिपका दिला, तो सात फरश्यांच्या पलीकडे, कागदाबाहेर, भिंतीवर पडला, आणि घर सरकारी असूनही बाईंनी तो पुसू दिला नाही.